विचारा तर खरं : ट्रिसने गिळलेला महिना

या वेळी आलेल्या पत्रांपैकी डोंबिवलीच्या एका मुलीचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण त्यातली चूक माझ्या चांगल्या ओळखीची निघाली. म्हणून बरीचशी जागा तिलाच दिली आहे. बाकीच्यांनी राग मानू नये. आधी मात्र मुलुंडच्या काकांचं पत्र घेते. त्याचं उत्तर वाचल्याशिवाय पुढचं बऱ्याच जणांच्या डोक्यावरून जाईल.

प्रश्न : माझी नात बायोटेक्नॉलॉजी शिकते. परवा जेवताना म्हणाली, "आजोबा, मी सध्या चुंबकाने अँटीबॉडी पकडतेय." अँटीबॉडी लोखंडाची असते का? मी बँकेत ३६ वर्षं काढली. मला हिशेब कळतो, हे कळत नाही. तिला विचारलं तर हसते.
— निवृत्त बँक अधिकारी, मुलुंड

उत्तर : काका, अँटीबॉडी लोखंडाची नसते. ती एक प्रथिन आहे, इंग्रजी वाय अक्षरासारखी : दोन हात वर, एक शेपूट खाली. चुंबक तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून तिला पकडायला गळ लागतो. गावाकडे विहिरीत घागर पडली की दोराला गळ बांधून सोडायचे ना, तोच प्रकार. दोराच्या जागी इथे मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा, काळा कण असतो आणि गळाच्या जागी त्या कणाच्या अंगावर बसवलेलं एक प्रथिन. सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पिवळसर पाण्यात, हे कण ढवळायचे. गळाला अँटीबॉडी लागल्या की नळीला बाहेरून चुंबक लावायचा, सगळं काळं एका भिंतीला जाऊन बसतं. वरचं पाणी काढून टाकायचं, कण धुवायचे आणि शेवटी थोडं आम्ल घालून गळ सोडवायचा.

आता हिशेब. माणसाच्या एक मिलिलीटर सीरममध्ये आयजीजी नावाच्या अँटीबॉडी साधारण १० मिलिग्रॅम असतात, आणि त्याच एका मिलिलीटरमध्ये अल्ब्युमिन नावाचं दुसरं प्रथिन ३५ ते ५० मिलिग्रॅम. म्हणजे हवा तो माल थोडा आणि नको तो चौपट. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा अमोनियम सल्फेट घालून अँटीबॉडी साखळवायचो, मग पिशवीत भरून रात्रभर पाण्यात मीठ काढत बसायचो. नातीचं काम तासाभरात होतं.

गळ कुणी घडवला म्हणाल, तर केसतूड करणाऱ्या जंतूने. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू आपल्या अंगावर प्रोटीन ए नावाचं प्रथिन पांघरतो. ते अँटीबॉडीला शेपटीकडून धरतं, त्यामुळे ती उलटी लटकते आणि शरीराच्या पेशींना तिची शेपूट सापडत नाही. जंतू वाचतो. ही त्याची लबाडी १९६६ मध्ये स्वीडनच्या फोर्सग्रेन आणि शक्विस्ट यांनी उघड केली. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळा हीच लबाडी स्वतःच्या फायद्यासाठी वापरतात. शेपूट धरली की दोन्ही हात मोकळे राहतात, हे आमच्या कामाचं.

तुम्ही थायरॉइडची टीएसएच तपासणी करून घेत असाल, तर हे कण बहुधा तुमच्याही रक्ताच्या नमुन्यात फिरवले गेलेत. मोठ्या लॅबमधल्या बऱ्याच यंत्रांत असेच चुंबकी कण असतात, फक्त तिथे गळाच्या जागी अँटीबॉडी बसवलेली असते आणि ती टीएसएच पकडते. नातीला हे सांगा, मग बघू कोण हसतं ते.

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मॅग्नेटाइटचे नॅनोकण करून त्यांवर प्रोटीन ए बसवायचं आणि सशाच्या सीरममधून आयजीजी पकडायची, असा माझा प्रकल्प आहे. कण काळे होतात, चुंबकाला चिकटतातही. पण ग्लुटाराल्डिहाइड घातल्यावर त्यांचे गोळे होतात. शेवटी जेलवर (जिथे प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी होतात) आयजीजीचे बँड, म्हणजे पट्टे, अगदी फिके येतात, अल्ब्युमिनचा मात्र ठळक. प्रोटीन ए कणांवर बसलं की नाही हे २८० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजून पाहिलं, काहीच कळत नाही. गाइड म्हणतात परत कर. चार वेळा परत केलं. वहीच्या पानांचे फोटो जोडते. पुढच्या महिन्यात सादरीकरण आहे.
— एक विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : वहीची पानं पाठवलीस हे फार बरं केलंस. नुसतं पत्र असतं तर मीही "परत कर" असंच लिहिलं असतं.

चौथं पान काढ. खालून तिसरी ओळ : "ग्लुटाराल्डिहाइडनंतर कण ट्रिस बफरने तीनदा धुतले. मग प्रोटीन ए घातलं." तुझा महिना इथे गेला. ट्रिस म्हणजे बफरमधलं, द्रावाची आम्लता स्थिर राखणारं द्रव्य.

ग्लुटाराल्डिहाइडला दोन तोंडं असतात. एका तोंडाने ते कणावरचा अमाइन (नायट्रोजनचा गट) धरतं, दुसरं तोंड उघडं राहतं ते प्रोटीन एच्या अंगावरचे अमाइन धरायला. पण ट्रिसच्या रेणूवरही एक अमाइन असतोच. तू त्या उघड्या तोंडांना तीन वेळा ट्रिस भरवलास. प्रोटीन ए आलं तेव्हा पंगत उठली होती. ते तसंच पाण्यात राहिलं आणि पुढच्या धुण्यात मोरीत गेलं. त्या बाटलीची किंमत मला माहीत आहे, म्हणून जास्तच जिवाला लागलं.

आता माझी गोष्ट. परळच्या एका लॅबमध्ये मी नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्याकडे महागडं प्रथिन बाहेरून आलं. मी सगळं फॉस्फेटमध्ये केलं, ट्रिसला हातही लावला नाही, तरी काही बसेना. पाच आठवडे गेले. शेवटी सर आले, काही न बोलता खिशातलं भिंग काढलं आणि बाटलीवरचं लेबल मला वाचायला लावलं. प्रथिन मुळातच ट्रिसमध्ये विरघळवून आलं होतं. मोहरीएवढ्या अक्षरांत तसं छापलेलंही होतं. तेव्हापासून मी लेबल दोनदा वाचते, औषधाचंही आणि लोणच्याचंही.

तर ग्लुटाराल्डिहाइडनंतर फक्त फॉस्फेट बफर. प्रोटीन ए ट्रिसमध्ये किंवा ग्लायसिनमध्ये आलं असेल तर आधी फॉस्फेटविरुद्ध डायलिसिस, म्हणजे तीच पिशवीत भरून नको ते काढून टाकायची पद्धत. प्रथिन बसल्यावर मात्र जी तोंडं रिकामी उरतील ती बंद करायची असतात, नाहीतर ती पुढे सीरममधलं जे मिळेल ते धरतात. त्यासाठी काय घालायचं? तोच ट्रिस. वैर त्याच्याशी नाही, त्याच्या वेळेशी आहे.

गोळ्यांचं कारण वेगळं आहे. तू कणांच्या दाट गाळात ग्लुटाराल्डिहाइड थेंब थेंब सोडलंस. कण जास्त, ग्लुटाराल्डिहाइड कमी, म्हणजे एका कणाला धरलेल्या रेणूचं दुसरं तोंड सरळ शेजारच्या कणावर बसणार. संध्याकाळच्या विरार लोकलसारखं, प्रत्येकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर. उलटं कर. ग्लुटाराल्डिहाइड भरपूर घे, अडीच ते पाच टक्के, आणि ते ढवळत असताना त्यात कण पातळ करून, सोनिकेटरमधून (ध्वनिलहरींनी कण सुटे करणाऱ्या यंत्रातून) काढल्या काढल्या, थोडे थोडे सोड. बाटली पिवळसर झाली असेल तर ती वापरू नकोस, आतल्या आत त्याच्या साखळ्या झालेल्या असतात. आणि नंतर मनापासून धू, नाहीतर उरलेलं ग्लुटाराल्डिहाइड प्रोटीन एलाच एकमेकांत शिवून टाकेल.

आता अल्ब्युमिन. तू एपीटीईएस, म्हणजे कणांवर अमाइन बसवणारं द्रव्य, सरळ मॅग्नेटाइटवर चढवलंस, मध्ये सिलिकाचा थर नाही. उघड्या लोह-ऑक्साइडला प्रथिनं आपोआप चिकटतात, आणि सीरममध्ये सगळ्यात जास्त अल्ब्युमिन, मग चिकटणार तेच. शिवाय लोह-ऑक्साइडवर बसलेला एपीटीईएसचा पातळ थर पाण्यात हळूहळू सुटतो आणि त्याच्याबरोबर तुझं प्रथिनही जातं. म्हणून आधी सिलिकाचं अस्तर दे. पद्धत जुनीच आहे, १९६८ मध्ये श्टोबर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दिलेली : अल्कोहोल, थोडं पाणी, थोडा अमोनिया आणि टीईओएस, ज्यातून सिलिका तयार होते. मी १०० मिलिग्रॅम कणांना ८० मिली इथेनॉल आणि २० मिली पाणी घेत असे, अमोनिया एक-दीड मिली, आणि टीईओएस फक्त ०.१ ते ०.२ मिली. लोभ सुटतो, जास्त घालावंसं वाटतं. घातलंस की कण सोडून नुसत्या सिलिकाचे पांढरे गोळे वेगळे तयार होतात आणि चुंबक लावल्यावर वरचं पाणी दुधासारखं राहतं. तसं दिसलं तर हात सैल सुटला असं समज.

अस्तर नीट बसलं की नाही याची एक फुकट परीक्षा शेवटी मिळते. पीएच २.७ ते ३ च्या ग्लायसिनने अँटीबॉडी सोडवतेस तेव्हा तो द्रव पिवळट आला, तर आम्ल लोखंड खातंय, म्हणजे अस्तराला भोकं आहेत. स्वच्छ पाण्यासारखा यायला हवा. आणि त्या आम्लात अँटीबॉडीला ताटकळत ठेवू नकोस. पाच मिनिटं, की लगेच आधीच ट्रिस, पीएच ८.५ ते ९, घालून ठेवलेल्या नळीत. इथे ट्रिस दुसऱ्यांदा तुझ्या कामाला येतो.

आता पहिल्या पानावर ये. कण करताना तू मॅग्नेटिक स्टररवर ढवळलंस आणि पुढे लिहिलंस, "उत्पन्न कमी आलं." अगं, उत्पन्न त्या पांढऱ्या ढवळकांडीला चिकटलं होतं! चुंबकी कण चुंबकाच्याच कांडीने ढवळायचे म्हणजे मांजराला दूध राखायला बसवायचं. वरून पात्याने ढवळणारी मोटर शोध. तुमच्या विभागात नसेल तर शेजारच्या रसायनशास्त्रात हमखास असते, कपाटावर धूळ खात. आमची तर पेंटवाल्याकडून आणलेली होती.

मापं तुझी बरोबर आहेत : फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट ५.४ ग्रॅम, फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट २ ग्रॅम, म्हणजे दोनास एक. कागदावर. पण फेरसची बाटली डोळ्यांनी बघितलीस का? स्फटिक फिकट हिरवे हवेत. कडेने तांबूस-पिवळे झाले असतील तर त्यातलं बरंचसं फेरस फेरिक होऊन बसलंय आणि तुझं दोनास एक आता चारास एकही असू शकेल. मग काळ्याऐवजी तपकिरी गाळ येतो आणि चुंबक त्याला आळसाने ओढतो. अमोनियाचंही तसंच. एप्रिल-मेमध्ये दहा वेळा उघडलेल्या बाटलीवर २५ टक्के लिहिलेलं असतं, आत तेवढा राहिलेला नसतो. हिशेबाने या मापाला सहा मिली पुरतो, मी पंधरा घालायचे. क्षार विरघळवायच्या आधी पाण्यातून १५-२० मिनिटं नायट्रोजन सोड, ७० अंशांच्या पुढे तापव आणि अमोनिया एकदम ओत. तो क्षण मला अजून आवडतो. नारिंगी द्रव डोळ्याची पापणी लवते न लवते तोच काजळासारखा काळा होतो.

धुताना एक चमत्कार होईल, घाबरू नकोस. पहिल्या दोन-तीन वेळा कण चुंबकावर पटकन बसतात आणि वरचं पाणी नितळ असतं. चौथ्या-पाचव्या वेळी मीठ कमी झालं की कण एकमेकांपासून दूर राहू लागतात आणि वरचं पाणी कोरा चहा दिसू लागतं. विद्यार्थी म्हणतात, "मॅडम, कण बिघडले," आणि ते पाणी ओतून देतात. ते बिघडलेले नसतात, ते तर सगळ्यात सुटे, सगळ्यात चांगले कण असतात. मोठा चुंबक घे, जास्त वेळ दे. आणि तुझ्या वहीत "ओव्हनमध्ये रात्रभर वाळवले" असं जे आहे ते पुढच्या वेळी खोडून टाक. एकदा वाळलेले कण पुन्हा सुटे होत नाहीत, कितीही सोनिकेट कर. ओलेच ठेवायचे. वजन हवं असेल तर ढवळून एक मिली काढ, तेवढाच वाळव, वजन कर, गुणाकार कर.

तुझ्या गाइडना १० नॅनोमीटरचेच कण हवे आहेत असं दिसतं, कारण प्रकल्पाच्या नावात नॅनो आहे. त्यांचंही चूक नाही. १० नॅनोमीटरच्या एक ग्रॅम मॅग्नेटाइटचा पृष्ठभाग साधारण ११५ चौरस मीटर भरतो. मी लालबागच्या चाळीत १८० चौरस फुटांच्या खोलीत वाढले. तशा जवळपास सात खोल्या एका ग्रॅमात! जागा आहे, पण चुंबकाची ओढ कणाच्या आकारमानावर असते. व्यास निम्मा केला की ओढ एक अष्टमांश. सुटा १० नॅनोमीटरचा कण पाण्याच्या धक्क्यांनीच इतका भिरभिरतो की साध्या चुंबकाने त्याला गोळा करायला कंटाळा येईल. म्हणून बाजारातले कण एकतर असे बारीक कण शेकड्यांनी एकत्र बांधलेले असतात, नाहीतर मायक्रॉनचे मणी असतात. नॉर्वेच्या ऊगेलस्टाडने सत्तरच्या दशकात एकसारख्या आकाराचे प्लॅस्टिकचे मणी केले, पुढे त्यांच्या पोटात लोह-ऑक्साइड भरलं आणि हा सगळा धंदा उभा राहिला. सिलिका चढवताना तुझ्या कणांचे १०० ते २०० नॅनोमीटरचे पुंजके झाले तर लाजू नकोस. पुंजका एकसारखा आहे आणि हलवल्यावर परत पसरतो, एवढं पुरे. १० नॅनोमीटरच्या कणाचा खरा गुण वेगळाच आहे : चुंबक काढला की त्याचं चुंबकत्व जातं, म्हणून तो शेजाऱ्याला धरून बसत नाही. हा गुण पुंजक्यातही टिकतो.

राहिलं २८० नॅनोमीटर. तिथे मोजतो ते मुख्यतः ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन हे प्रथिनांतले दोन घटक. प्रोटीन एच्या अँटीबॉडी धरणाऱ्या पाचही भागांत ट्रिप्टोफॅन नाही. एक मिलिग्रॅम प्रति मिली आयजीजी १.४ च्या आसपास आकडा देते, तेवढंच प्रोटीन ए जेमतेम ०.१७. तू अंधारात काळं मांजर शोधत होतीस. त्यात सुपरनॅटंटमध्ये, म्हणजे वरच्या पाण्यात, चुकार कण राहिले असतील तर ते प्रकाश विखुरतात आणि खोटा आकडा वर चढतो. बीसीए (रंगावरून प्रथिन मोजायची चाचणी) कर, आणि स्टँडर्ड म्हणून बीएसए, म्हणजे गाईचं अल्ब्युमिन, नको, प्रोटीन एच घे. मापायच्या आधी सुपरनॅटंट जोरात फिरव.

खरं सांगू? किती प्रोटीन ए बसलं यात मला फारसा रस नाही. आयजीजी किती धरली ते सांग. शुद्ध आयजीजी मोजून घाल, अर्धा तास फिरव, चुंबक लाव, वर उरलेली मोज. वजाबाकी. आणि त्याच दिवशी, त्याच बरणीतले, सगळं सारखं केलेले पण प्रोटीन ए न घातलेले कण शेजारच्या नळीत. त्या रिकाम्या कणांशिवाय तुझा एकही आकडा मी मानणार नाही, आणि परीक्षकांनीही मानू नये.

दोन गोष्टी घाईत. ग्लुटाराल्डिहाइडने धरलेली गाठ कच्ची असते, आम्लात थोडी थोडी सुटते. जेलवर ४२-४५ किलोडाल्टनला हलकासा बँड दिसला तर ते सुटलेलं प्रोटीन ए असू शकतं. बोरोहायड्राइडने गाठ पक्की करतात, पण ते फ्यूम हूडमध्ये आणि कुणीतरी सोबत असताना कर. सीरमनंतरच्या धुण्यात ०.०५ टक्के ट्वीन-२० (साबणासारखं द्रव्य) घाल, एकदा मीठ ५०० मिलिमोलरपर्यंत ने, अल्ब्युमिन बरंचसं निघून जाईल.

महिन्यात होईल का, असं तू विचारलं नाहीस, पण तेच विचारायचं होतं ना? होईल. कण एक दिवस, सिलिका एक रात्र, एपीटीईएस एक दिवस, पुढचं दोन दिवसांत. आठवडा धर. मात्र एपीटीईएसची नवी छोटी बाटली माग. पावसाळ्यात उघडलेली जुनी बाटली मुंबईची हवा पिऊन गढूळ झालेली असते. फ्रीझरमधली कुठलीही बाटली काढल्या काढल्या उघडू नकोस. जुलैत बाहेर काढलेल्या बाटलीला कसा घाम फुटतो ते बघतेसच, झाकण उघडलंस की तोच घाम आत. अर्धा तास टेबलावर राहू दे, तोवर डबा खा.

प्रश्न : बाई, मी नववीला विज्ञान शिकवतो. मुलांना चुंबकी नॅनोकण करून दाखवायचे आहेत. शाळेचं बजेट तुम्हाला ठाऊक आहेच.
— शिक्षक, गिरगाव

उत्तर : सर, बजेट न लागणारा भाग आधी. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मुलांना जुहूच्या कोरड्या वाळूत फिरवू द्या. काळे कण दाढीसारखे चिकटतील. त्यांत मॅग्नेटाइट असतं, आपल्या बेसाल्टच्या खडकातून झिजून आलेलं. पिशवी उलटी केली की कण सुटतात. ते नॅनो नव्हेत, पण द्रव्य तेच. वर्गात हे आधी दाखवलं की पुढचं पटतं.

पुढचं तुम्ही स्वतः करा, मुलांनी लांबून बघावं. लॅमिंग्टन रोडवर सर्किट बोर्ड कोरायला फेरिक क्लोराइड मिळतं. ते सौम्य करून त्यातल्या थोड्यात लोखंडी स्टील वूल टाका. भांडी घासायची चकचकीत स्टेनलेसची घासणी चालणार नाही, गंजणारं हवं. तपकिरी द्रव हळूहळू हिरवा होतो, म्हणजे फेरस झालं. बुडबुडे येतात, जवळ ज्योत नको. मुलांना इथे एक गणित घाला : दोन फेरिक आणि एक लोखंड मिळून तीन फेरस होतात, म्हणून हिरवा द्रव मूळ द्रवाच्या दीडपट तीव्र. मग दोनास एक प्रमाण साधायला तपकिरी द्रवाचे किती भाग आणि हिरव्याचा किती? उत्तर तीनास एक. गाळून मिसळा आणि अमोनिया ओता. गच्चीवर, वाऱ्याच्या बाजूला तोंड न करता, हातमोजे आणि चष्मा घालून. फेरिकचा डाग शर्टावरून जात नाही, हे माझ्या तीन साड्या सांगतील.

कण धुऊन, थोड्या ओलिक आम्लाबरोबर गरम करून रॉकेलमध्ये उतरवले की चुंबकाजवळ तो द्रव काटे उभे करतो. असा द्रव पहिल्यांदा केला नासाच्या स्टीव्ह पॅपेलने, १९६३ मध्ये. वजन नसताना रॉकेटचं इंधन चुंबकाने पंपापर्यंत ओढता येईल का, हे त्याला बघायचं होतं. काटे पहिल्या खेपेला येणार नाहीत. माझेही आले नव्हते.

प्रश्न : प्रोटीन एच्या तयार कणांवर माझी उंदराची मोनोक्लोनल अँटीबॉडी बसतच नाही. कण खराब आहेत का?
— संशोधक, ठाणे

उत्तर : कण नव्हे, उंदीर बघा. तुमची अँटीबॉडी आयजीजी१ या उपप्रकारातली असणार, तिला प्रोटीन ए नीट धरत नाही. प्रोटीन जी, म्हणजे अँटीबॉडी धरणारं दुसऱ्या जंतूचं प्रथिन, घ्या. तेच कण वापरायचे असतील तर पीएच ९ च्या आसपास आणि मीठ ३ मोलर करून बघा, बऱ्यापैकी बसते. पुढे कोंबडीच्या अंड्यावर काम करणार असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आधीच सांगते : तिच्या आयजीवायला, म्हणजे अंड्यातल्या अँटीबॉडीला, ए आणि जी दोन्ही विचारत नाहीत.

प्रश्न : नळ्या लावायचा चुंबकी स्टँड फार महाग आहे. घरी होईल का?
— विद्यार्थी, कल्याण

उत्तर : होईल. लोहार चाळीतून नाण्याएवढे निओडिमियम चुंबक आणा, जाड अॅक्रिलिकला दीड मिलीच्या नळीचं भोक पाडून घ्या आणि चुंबक भोकाच्या बाजूला चिकटवा, बुडाशी नाही. बुडाशी लावलात तर पिपेटने पाणी काढताना कण आधी येतील. दोन चुंबक हातात एकदम घेऊ नका, मध्ये बोटाची कातडी सापडते.

दुरुस्ती : गेल्या अंकात कण साठवायच्या बफरमध्ये, जंतू वाढू नयेत म्हणून घालायचं सोडियम अझाइड "०.२ टक्के" असं छापलं गेलं. ०.०२ टक्के असं वाचावं. कण ४ अंशांवर ठेवावेत, गोठवू नयेत. अझाइडचं पाणी मोरीत ओतू नये. तांब्या-शिशाच्या पाइपांत त्याचे स्फोटक क्षार साठतात. ते वेगळ्या बाटलीत जमा करून, लेबल लावून, कचऱ्याची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांच्या हातात द्यावं.